मुळाची वाट कीं गांडुळाची?

जमिनीच्या पाठीवर काय पिकतें हें आपण नित्य पाहतों. तिच्या पोटांत काय चाललें आहे हें पाहण्याची संधि मात्र क्वचितच मिळते. विहीर खणतांना, घराचा पाया घेतांना, किंवा शेतांत पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चर काढतांना मातीची जी उभी भिंत उघडी पडते, तिच्यासमोर घटकाभर उभें राहावें. काळ्या मातीच्या त्या भिंतींत लहानमोठीं गोल छिद्रें दिसतात. कोणी पेन्सिलीएवढें, कोणी सुईएवढें, कोणी सरळ खालीं गेलेलें, तर कोणी वळण घेऊन नाहींसें झालेलें. असल्याच एका छिद्रावरून आमच्या वर्गांत वाद झाला, आणि त्या वादांत आमचें मत चुकलें. तें कसें चुकलें, व असला वाद शास्त्र कोणत्या रीतीनें सोडवितें, हें विद्यार्थिमित्रांस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

नाताळच्या सुटीपूर्वीं आम्ही नववीच्या मुलांना निफाड तालुक्यांतील एका पालकांच्या शेतावर घेऊन गेलों होतों. तेथील जुनी द्राक्षबाग दोन वर्षांपूर्वीं काढून टाकलेली होती. जमिनीचा निचरा नीट होईना म्हणून पालकांनीं यंत्रानें कमरेएवढा खोल चर काढविला होता. चराच्या भिंतींत, जमिनीच्या पाठीपासून सुमारें दीड हात खालीं, बोरूएवढ्या जाडीचें एक उभें छिद्र होतें. आम्हीं तें सर्वांस दाखविलें आणि म्हटलें, “मुलांनो, हें गांडुळाचें बीळ. आंतून कसें गुळगुळीत आहे पाहा.” त्यावर ज्यांचें शेत, त्यांचाच मुलगा म्हणाला, “सर, हें बीळ नाहीं. येथें वेलीची मुळी होती. ती कुजली, आणि ही तिची जागा राहिली.” आम्हीं हंसून उत्तर दिलें, “मुळीची जागा इतकी गुळगुळीत असते काय रे?” वर्ग हंसला. मुलगा गप्प झाला. आणि पुढें कित्येक आठवडे वर्गांत त्यानें एकहि प्रश्न विचारला नाहीं. शिक्षकाच्या हातून हीहि एक प्रकारची नासाडी होत असते, हें आमच्या उशीरां लक्षांत आलें.

निघतांना त्याच्या वडिलांनीं आम्हांस एक प्रश्न विचारला, तो याहून महत्त्वाचा होता. ते म्हणाले, “सर, सारं रान खोल नांगरून काढा असं लोक सांगतात. मग हीं भोकं मोडायची का ठेवायची?” आम्हांस तेव्हां उत्तर देतां आलें नाहीं. ह्या दोन्ही गोष्टींचें, म्हणजे मुलाच्या म्हणण्याचें व बापाच्या प्रश्नाचें, ऋण फेडावें म्हणून आम्ही वाचावयास बसलों.

प्रथम हीं छिद्रें एवढीं महत्त्वाचीं कां, हें पाहूं. नांगर वीतभर, फार तर हातभर माती हलवितो. त्याखालची माती घट्ट असते. तींत हवा कमी, सेंद्रिय द्रव्य कमी, आणि मुळांना रिघावयास जागाहि कमी. तरीसुद्धां ओल तेथेंच टिकते, आणि पावसानें ताण दिला म्हणजे पीक त्याच ओलीवर तगतें. अशा घट्ट थरांत नवीं मुळें शिरावयाचीं तर त्यांस तयार वाट लागते. सजीवांनीं पाडलेल्या ह्या वाटांस शास्त्रज्ञ ‘जैव छिद्रें’ म्हणतात. एक तर खोल जाणारें सोटमूळ मरून कुजतें व त्याच्या जागीं नळी राहते. किंवा गांडूळ माती खात अथवा बाजूस सारीत खालीं जातें व मागें बीळ राहतें. ह्याच नळ्यांतून पावसाचें पाणी झरझर खालीं उतरतें, हवा आंत जाते, आणि पुढील पिकाचीं मुळें विनासायास खोल पोंचतात. ह्या छिद्रांनीं मातीचा अगदीं थोडा भाग व्यापलेला असतो. परंतु घट्ट थरांतील जीवनाची गजबज बरीचशी त्यांच्याच भिंतींवर असते.

मग छिद्र मुळाचें कीं गांडुळाचें, हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं काय? कांहीं खुणा आहेत. मुळाची नळी खालीं जातां जातां निमुळती होते, आणि तिला बाजूच्या बारीक मुळांच्या लहान नळ्या फुटलेल्या असतात. गांडुळाचें बीळ बहुधा सारख्याच जाडीचें असतें, त्यास फांटे कमी असतात, आणि त्याच्या भिंतीवर गांडुळाच्या विष्ठेचा काळसर, लिंपल्यासारखा थर असतो. विद्यार्थ्यांनीं ह्या खुणा अवश्य शिकाव्या. परंतु त्यांवर सर्वस्वीं विसंबूं नये. कारण जमिनीच्या पोटांत ‘ज्याचें घर त्याचेंच’ असा कायदा नाहीं. मूळ कुजून वाट मोकळी झाली कीं गांडूळ तींत शिरतें. नवीन बीळ खोदण्याच्या श्रमापेक्षां तयार घर त्यासहि बरेंच वाटत असावें. उलट, गांडूळ सोडून गेलें किंवा मेलें कीं त्याच्या बिळांत मुळें उतरतात. ही गोष्ट नवी नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन ह्यांनीं १८७७ सालीं गांडुळांवरील आपल्या निबंधांत बिळांतून खालीं गेलेल्या मुळांचें वर्णन केलें, आणि चार्लस डार्विन ह्यांनीं १८८१ सालच्या आपल्या गांडुळांवरील प्रसिद्ध ग्रंथांत त्याचा उल्लेख केला. तें डार्विन ह्यांचें शेवटचें पुस्तक. पुढल्याच वर्षीं ते वारले. सारांश, जें छिद्र आज गुळगुळीत दिसतें तें आरंभींहि गुळगुळीतच होतें, असें म्हणतां येत नाहीं. आमची चूक नेमकी येथेंच झाली होती.

आतां रसायनशास्त्राकडे वळूं. घराच्या भिंती पाहून त्यांत कोण राहतो हें कळत नसेल, तर चुलीवर काय शिजतें हें पाहावें. छिद्राच्या भिंतीवर असंख्य सूक्ष्म जंतु, बुरशा व इतर जीव राहतात. अन्न जसें असेल तशी त्यांची वस्ती असते. म्हणून वस्ती कोणाची आहे हें कळलें, तर अन्न कोणीं आणिलें याचाहि अंदाज करितां येतो. परंतु हे जीव सूक्ष्मदर्शकाखालीं एकमेकांसारखेच दिसतात, आणि त्यांतील बहुतेकांची वाढ प्रयोगशाळेंत होतच नाहीं. तेव्हां त्यांची ओळख त्यांच्या देहांतील मेदावरून पटवावी लागते.

प्रत्येक जिवंत पेशीभोंवतीं एक पातळ पडदा असतो. तो मुख्यतः स्फुरदयुक्त मेदाचा बनलेला असतो. ह्या मेदास फॉस्फोलिपिड असें नांव आहे. त्याच्या प्रत्येक कणास मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात. मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या परमाणूंची एक साखळी, जिच्या एका टोंकास आम्लाचा गट असतो. तेल, तूप व साबण यांच्या रूपानें हीं आम्लें आपल्या रोजच्या परिचयाचीं आहेत. परंतु सर्वच जीव एकसारखीं मेदाम्लें बनवीत नाहींत. कोणाची साखळी सरळ, कोणाची टोंकाजवळ फांटा फुटलेली, कोणाच्या साखळींत दुहेरी बंध, तर कोणाच्या साखळींत तीन कर्बांचें लहानसें कडें. ज्याप्रमाणें कुंभाराच्या मडक्यावरील ठशावरून कुंभार ओळखावा, त्याप्रमाणें ह्या घडणीवरून जीवांचे वर्ग ओळखितां येतात.

कांहीं ठळक उदाहरणें देतों. हान्स क्रिश्चन ग्राम ह्या डेन्मार्कच्या वैद्यानें १८८४ सालीं जंतूंस रंग देण्याची जी रीत काढली, तिच्यावरून जंतूंचे ‘ग्राम-धन’ व ‘ग्राम-ऋण’ असे दोन मोठे वर्ग पडतात. पंधरा किंवा सतरा कर्बांचीं, टोंकाजवळ फांटा असलेलीं मेदाम्लें मुख्यतः ग्राम-धन जंतूंत सांपडतात. त्यांच्यापैकींच अॅक्टिनोबॅक्टेरिया नांवाच्या एका गटाचीं अठरा कर्बांचीं आम्लें दहाव्या कर्बावर फांटा धरून असतात. पहिल्या पावसानंतर मातीस जो गोड वास सुटतो, तो बव्हंशीं ह्याच गटांतील जंतूंच्या कृतीचें फळ होय. सोळा वा अठरा कर्बांचीं विशिष्ट ठिकाणीं एक दुहेरी बंध असलेलीं आम्लें, तसेंच कडें असलेलीं आम्लें, हीं ग्राम-ऋण जंतूंची खूण. दोन दुहेरी बंध असलेलें अठरा कर्बांचें आम्ल बुरशीचें द्योतक मानितात. परंतु तें वनस्पतींच्या पेशींतहि असतें, म्हणून छिद्रांत जिवंत मुळें असतील तर ही खूण फसविते. शास्त्रांत प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते, ती अशी.

ह्या साक्षीचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. पेशी मेली कीं तिचे फॉस्फोलिपिड मातींत फार दिवस टिकत नाहींत. त्यांचें लवकरच विघटन होतें. म्हणून ते मातींत सांपडले, तर ते आज जिवंत असलेल्या जीवांचे, असें मानण्यास हरकत नाहीं. म्हणजे ही साक्ष वर्तमानाची आहे, भूतकाळाची नव्हे. हा मुद्दा विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

परीक्षा करण्याची रीत थोडक्यांत अशी. छिद्राच्या भिंतीवरील पातळ थर काळजीपूर्वक खरवडून घ्यावयाचा, व शेजारची छिद्ररहित मातीहि तुलनेसाठीं घ्यावयाची. नमुने थंड ठेवावयाचे, म्हणजे वस्ती बदलत नाहीं. मग क्लोरोफॉर्म, मेथॅनॉल व पाणी यांच्या ठराविक मिश्रणानें मातींतील सारा मेद काढून घेतात. ही रीत ब्लाय व डायर ह्या दोघां कॅनडावासी शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केली. तो मेद सिलिका भरलेल्या नळींतून गाळला असतां साधा मेद, शर्करायुक्त मेद व स्फुरदयुक्त मेद हे क्रमानें वेगळे होतात. शेवटल्या भागांतील मेदाम्लें मेथॅनॉलशीं जोडून वाफ होण्याजोगीं करितात आणि गॅस क्रोमॅटोग्राफ नांवाच्या यंत्रांत सोडितात. प्रत्येक आम्ल आपापल्या वेळीं त्या यंत्राच्या लांब, केसासारख्या नळींतून बाहेर पडतें. शर्यतींत धांवणाऱ्यांची जशी क्रमानें नोंद करावी, तशी त्यांची नोंद होते. आणि कोणतें आम्ल किती, हें कागदावर उमटतें.

आतां ह्या रीतीनें प्रत्यक्ष काय दिसून आलें तें सांगतों. जर्मनींत बॉन शहराजवळ विद्यापीठाचें एक प्रयोगक्षेत्र आहे. तेथें खोल सोटमूळ असलेलीं पिकें लावून घट्ट थरांतील छिद्रांचा अभ्यास बरीच वर्षें झाला. कॅलम बॅनफील्ड व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत तीन प्रकारच्या छिद्रांची तुलना आहे. पहिलीं, लुंब्रिकस टेरेस्ट्रिस ह्या युरोपांतील खोल बिळें करणाऱ्या गांडुळाचीं. दुसरीं, दोन वर्षांपूर्वींच्या मुळांचीं. आणि तिसरीं, दीड वर्ष मुळाचीं राहून नंतर सहा महिने ज्यांत गांडूळ सोडिलें होतें अशीं. नमुने ४५ ते ७५ व ७५ ते १०५ सेंटिमीटर अशा दोन खोलींवरून घेतले होते.

निष्कर्ष विचार करण्यासारखे आहेत. छिद्रांच्या भिंतींतील कर्ब शेजारच्या मातीच्या निदान अडीच पट होता; परंतु जिवंत जीवांचे द्योतक मेद तर २६ ते ३५ पट होते! अडीच पट अन्नावर सव्वीस पट वस्ती, हें पाहून हीं छिद्रें म्हणजे घट्ट थरांतील बाजारपेठाच होत, असें म्हणावेंसें वाटतें. मुळांच्या छिद्रांत हा मेद गांडुळांच्या छिद्रांपेक्षां ३३ टक्क्यांनीं कमी होता. मुळांच्या छिद्रांत ग्राम-धन जंतु, विशेषतः अॅक्टिनोबॅक्टेरिया, यांचें प्रमाण अधिक होतें. गांडुळांच्या छिद्रांत ग्राम-ऋण जंतु व बुरशा यांची भरभराट होती. कारण संशोधकांनीं असें सुचविलें आहे कीं, जुन्या मुळाचे जे अवशेष उरतात ते पचावयास कठीण असतात, आणि कठीण अन्नावर ग्राम-धन जंतु टिकून राहतात. गांडूळ मात्र पृष्ठभागावरील ताजा पालापाचोळा ओढून आंत नेतें. त्या ताज्या शिध्यावर दुसरी वस्ती वाढते.

परंतु सर्वांत बोधप्रद निकाल तिसऱ्या प्रकारच्या छिद्रांचा होता. जीं छिद्रें दीड वर्ष मुळांचीं होतीं, त्यांत गांडूळ केवळ सहा महिने राहिलें, आणि तेवढ्या अवधींत त्यांतील वस्ती गांडुळाच्या बिळासारखी झाली. मेदाम्लांची साक्ष घेतली तर तीं छिद्रें गांडुळाचींच ठरतात. म्हणजे आजचा रहिवासी कोण, हें ह्या परीक्षेनें कळतें. घर मुळांत कोणीं बांधिलें, हें कळेलच असें नाहीं. त्याच संशोधकांनीं मेलेल्या जंतूंच्या कवचांतील शर्करांचीहि मोजणी केली; परंतु मृतांच्या त्या अवशेषांत छिद्राच्या प्रकाराप्रमाणें भेद दिसला नाहीं. भेद होता तो जिवंतांत.

मग घराचा मूळ बांधणारा ओळखावयाचा तर काय करावें? त्यासाठीं दुसऱ्या प्रकारचीं मेदाम्लें आहेत, आणि तीं जंतूंचीं नसून वनस्पतीचीं आहेत. मुळांच्या सालीभोंवतीं पाण्यास अडविणारें एक द्रव्य असतें, त्यास सुबेरिन म्हणतात. लॅटिन भाषेंत बुचास सुबेर असा शब्द आहे, त्यावरून हें नांव पडलें. बाटलीचें बूच ह्याच द्रव्यानें भरलेलें असतें. सुबेरिन मोडून पाहिलें असतां त्यांत बावीस, चोवीस अशा कर्बांच्या लांब साखळ्यांचीं, शेंवटच्या टोंकासहि रासायनिक गट असलेलीं आम्लें मिळतात. पानांवरील मेणचट आवरणांत सुबेरिनचा भाऊ शोभेल असें क्युटिन नांवाचें द्रव्य असतें. त्यांतील आम्लें सोळा वा अठरा कर्बांचीं असून त्यांचे गट साखळीच्या मध्यावर असतात. हीं दोन्ही द्रव्यें घट्ट बांधलेलीं असल्यामुळें तीं साध्या द्रावकानें निघत नाहींत. अल्कलींत उकळून तीं मोकळीं करावीं लागतात. परंतु त्याच घट्टपणामुळें तीं जंतूंच्या तोंडास लवकर लागत नाहींत, व जंतूंच्या मेदापेक्षां पुष्कळच अधिक काळ टिकतात.

ह्यावरून तर्क असा बांधितां येतो. छिद्राच्या भिंतींत सुबेरिनचीं आम्लें विपुल असतील, तर येथें पूर्वीं मूळ होतें. क्युटिनचीं आम्लें खोलवर सांपडलीं, तर पानें कोणीतरी खालीं नेलीं. आणि घट्ट थरांत पानें नेणारा मजूर म्हणजे बहुधा गांडूळच. फॉस्फोलिपिडचीं आम्लें आज तेथें कोणाची वस्ती आहे तें सांगतात. पाया पाहून घर बांधणारा ओळखावा आणि चूल पाहून राहणारा ओळखावा, तसेंच हें होय. ज्यास एकच साक्ष पुरेशी वाटते त्याचा निवाडा अर्धवट होतो. अर्थात् ह्या खुणांनाहि मर्यादा आहेत. खोडाच्या सालींतहि सुबेरिन असतें, आणि पावसाच्या पाण्याबरोबर पालापाचोळ्याचा बारीक चुरा मोठ्या भेगांतून खालीं जाऊं शकतो. म्हणूनच शेजारची माती तुलनेस घेतल्यावांचून कोणताहि निष्कर्ष काढूं नये.

भेगांचा उल्लेख आला, तेव्हां आपल्या नाशिकच्या मातीविषयीं बोलणें प्राप्त आहे. बॉनजवळची माती वाऱ्यानें वाहून आणिलेल्या बारीक गाळाची आहे. निफाड, येवलें, सिन्नर ह्या बाजूची काळी जमीन दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यांतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व वाळली कीं आकसते. म्हणून चैत्र-वैशाखांत तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पावसाळ्यांत त्या मिटतात. जेथें जमीनच दरसाल अंग मोडून घेते, तेथें जैव छिद्रें बॉनइतकीं वर्षानुवर्षें अखंड राहतील अशी अपेक्षा करूं नये. आणि तेथील आंकडे जसेच्या तसे आपल्या शेतास लावूं नयेत. गांडुळेंहि वेगळीं. लुंब्रिकस टेरेस्ट्रिस हें युरोपांतील. आपल्याकडे लॅम्पिटो मॉरिटी यासारख्या देशी जाति आढळतात. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच: जीवाची घडण जेथें वेगळी, तेथें त्याच्या मेदाचा ठसाहि वेगळा.

येथें एका गैरसमजाचाहि परिहार करावासा वाटतो. हल्लीं गांडूळखताचा प्रसार पुष्कळ झाला आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु खताच्या खड्ड्यांत जें लालसर आयसेनिया फेटिडा नांवाचें गांडूळ वापरितात, तें पृष्ठभागावरील कुजक्या पाल्यांत राहणारें आहे. तें खत उत्तम करितें, परंतु घट्ट थरांत खोल बिळें करीत नाहीं. तेव्हां तीं गांडुळें शेतांत सोडलीं म्हणजे जमीन आपोआप खोलवर भुसभुशीत होईल, अशी आशा धरणें व्यर्थ होय. खोल वाटा हव्या असतील तर देशी गांडुळें जगतील असें रान ठेवावें, म्हणजे पृष्ठभागावर पालापाचोळा असूं द्यावा व ओल राखावी. आणि तुरीसारखीं खोल मुळांचीं पिकें फेरपालटांत घ्यावीं.

आतां पालकांच्या प्रश्नाचें उत्तर. हीं भोकें मोडावीं कीं ठेवावीं? आमच्या मतें प्रथम चराच्या भिंतींत पाहावें कीं मुळें कोठें अडतात. बागेंत फवारणीचा ट्रॅक्टर वर्षानुवर्षें त्याच पट्ट्यांतून जातो, आणि तेथील माती दगडासारखी दाबली जाते. ज्या पट्ट्यांत छिद्रें दिसतच नाहींत व मुळें आडवीं वळलेलीं दिसतात, तेथें खोल नांगरट करण्यास हरकत नाहीं. परंतु ती जमीन कोरडी असतांनाच करावी. काळी माती ओली असतां तींत खोल फाळ घातला तर ती फुटत नाहीं, लिंपली जाते, आणि आहेत तींहि छिद्रें बुजतात. जेथें छिद्रें मुबलक आहेत, तेथें मात्र खालचा थर हलवूं नये. एका बागेच्या आयुष्यांत मुळांनीं पाडलेल्या वाटा यंत्र एका दिवसांत मोडूं शकतें, बांधूं शकत नाहीं. आणि एक सूचना विसरूं नये: ह्याच वाटांनीं पाण्याबरोबर विरघळलेलें खत व औषधहि झपाट्यानें खालीं जाऊं शकतें, व अखेर विहिरीच्या पाण्यांत उतरूं शकतें. म्हणून खत दिल्यावर लागलीच भरमसाट पाणी सोडूं नये.

हें सारें वाचून झाल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलाविलें आणि विचारलें, “ती मुळीची जागा आहे, असें तूं कशावरून म्हणालास?” तो क्षणभर थांबला. मग त्यानें आपली कंपासपेटी उघडली आणि तींतून कागदांत गुंडाळलेली एक तपकिरी, पातळ, पोकळ नळी काढिली. द्राक्षवेलीच्या मुळीची ती साल होती. आंतील लाकूड कुजून गेलेलें, साल तेवढी उरलेली. आमचें लक्ष नसतांना त्यानें ती त्याच छिद्राच्या खालच्या भागांतून चिमट्यानें ओढून घेतली होती. वर्गानें हंसावें अशी इच्छा पुन्हां नव्हती, म्हणून त्यानें ती कोणास दाखविली नव्हती. जें सुबेरिन यंत्रांत शोधावें म्हणून आम्ही पानेंच्या पानें वाचीत होतों, तें त्या मुलाच्या पेटींत आठ आठवडे पडून होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गासमोर सांगितलें कीं, छिद्राविषयींचें आमचें विधान चुकीचें होतें, आणि त्याविषयीं हंसलों तें त्याहून चुकीचें होतें. त्यानंतर मुलांबरोबर पुन्हां त्या शेतावर गेलों. चर अजून बुजविलेला नव्हता. छिद्र बारकाईनें पाहिलें तेव्हां वरच्या भागांत काळसर लिंपण दिसलें, आणि खालच्या भागांत सालीचे तुकडे व बाजूस फुटलेल्या बारीक नळ्या दिसल्या. मुळीनें वाट पाडली असावी व मागाहून गांडूळ तींत राहावयास आलें असावें, असा एकंदरींत तर्क होतो. प्रयोगशाळेंत मातीची परीक्षा केल्यावांचून ह्यापेक्षां अधिक निश्चयानें बोलणें बरें नव्हे. परंतु एवढें खरें कीं, आम्हीं वरचा भाग पाहिला होता आणि त्यानें खालचा. दोघांस एकच छिद्र दिसत होतें. पुरावा मात्र त्याच्याजवळ होता.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्र जवळ नसलें तरी तुम्हांस करण्यासारखें पुष्कळ आहे. कोठें चर वा खड्डा खणलेला दिसला, तर मोठ्या माणसांची परवानगी घेऊन व ढासळणाऱ्या कडेपासून दूर राहून भिंत पाहा. हातभर चौकोन आंखून त्यांतील छिद्रें मोजा. त्यांची जाडी, खोली, फांटे, लिंपण, सालीचे तुकडे ह्यांची वहींत नोंद करा. ‘मुळाचें’, ‘गांडुळाचें’ असे दोन रकाने करा, आणि ‘सांगतां येत नाहीं’ असा तिसरा रकानाहि ठेवा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर आपण कोठें तरी घाई केली असें समजा.

पालकांनीं सारें रान नांगरलें नाहीं. ट्रॅक्टरच्या पट्ट्यांतील तेवढी जमीन उन्हाळ्यांत कोरडी असतां फोडून घेतली, आणि उरलेल्या रानांत तूर पेरली. त्यांचा मुलगा आतां वर्गांत पहिल्यासारखे प्रश्न विचारतो. कधीं कधीं आमच्या उत्तरावर दुसरा प्रश्नहि विचारतो. अशा वेळीं आम्ही हंसत नाहीं. आधीं त्याची कंपासपेटी उघडावयास सांगतों.